शेवटच्या बांधीचे पाणी



आमच्या झाडीपट्टीत धानाच्या शेताचे लहान लहान तुकडे पाडलेले असतात. अशा प्रत्येक तुकड्यास आमच्याकडे बांधी म्हणतात. तलावाचे तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, उघडले की पाणी प्रथम जवळच्या बांधीत शिरते. ती भरली म्हणजे दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असे ते उतरत जाते. तलावाच्या पाळीवर उभे राहून पाहणाऱ्यास तलाव भरलेला दिसतो, तुडूम उघडलेले दिसते, पाण्याचा खळखळाटही ऐकू येतो. आणि सर्व काही यथास्थित चालले आहे असे त्यास वाटते. परंतु ज्याची बांधी अगदी शेवटची, तो शेतकरी पाळीवर उभा नसतो. तो आपल्या धुऱ्यावर बसून पाण्याची वाट पाहत असतो. सरकार शिक्षणासाठी जो पैसा खर्च करते त्याविषयी आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत, आणि ते मी त्या शेवटच्या धुऱ्यावर बसून बोलणार आहे. माझे सारे आयुष्य तेथेच मुलांना शिकविण्यात गेले, तेव्हा दुसरीकडून बोलण्याचा मला अधिकारही नाही.

गोंदिया जिल्हा महाराष्ट्राच्या अगदी ईशान्येच्या कोपऱ्यात आहे. त्याच्या उत्तरेस मध्यप्रदेशातील बालाघाट आणि पूर्वेस छत्तीसगड. १ मे १९९९ रोजी तो भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे त्याचे आठ तालुके. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे लोकवस्ती १३,२२,५०७. त्यांत शेकडा सुमारे सोळा लोक अनुसूचित जमातींचे. पुण्यामुंबईकडील सुशिक्षित मनुष्यास गोंदिया म्हटले की रेल्वेचे जंक्शन, विडी, तांदूळ आणि नागझिऱ्याचे वाघ एवढेच आठवते. ‘मागासलेला मुलूख’ हे शब्द त्याच्या ओठांवर येतात, आणि भिडेमुळे तो ते उच्चारीत नाही इतकेच.

परंतु त्याच खानेसुमारीतील दुसरा एक आकडा मी आपल्यापुढे ठेवतो. २०११ साली महाराष्ट्रातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा ८२.३४ होते, आणि गोंदिया जिल्ह्यातील ८४.९५. म्हणजे ह्या कोपऱ्यातील, जंगलातील, धानकऱ्यांचा जिल्हा राज्याच्या सरासरीच्या पुढे होता! हे ऐकून आपणांस आश्चर्य वाटले असेल; मला वाटत नाही. ज्या घरात संध्याकाळच्या भाजीची विवंचना आहे त्या घरातील बापास मुलाच्या पाटीपेन्सिलीसाठी कोंबडी विकताना मी पाहिले आहे. आमगावजवळचे पदमपूर हेच महाकवी भवभूतीचे पद्मपूर होय, असे महामहोपाध्याय मिराशी ह्यांच्यासारख्या विद्वानांनी प्रतिपादन केले आहे. ते खरे धरले तर विद्येची ओढ ह्या मातीस नवी नाही. स्वातंत्र्यापूर्वी हा भाग मध्यप्रांतात असताना रविशंकर शुक्ल ह्यांनी विद्यामंदिर योजना काढली. गावाने जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, अशी ती कल्पना. ती फार काळ टिकली नाही, परंतु शाळा ही गावाची वस्तू आहे हा विचार तिने मागे ठेवला. पुढे मनोहरभाई पटेलांसारख्या उद्योगी पुरुषाने ह्या भागात माध्यमिक शाळांचे जाळे विणले, आणि १९६२ साली जिल्हा परिषदा आल्यावर प्राथमिक शाळा आडवळणाच्या टोल्यांपर्यंत पोहोचल्या.

मग तक्रार ती कसली, असे आपण विचाराल. तक्रार अशी की, शिकण्याची तहान लोकांनी सिद्ध केली, पण पाणी वाटण्याचा हिशेब मात्र अजून पाळीवरूनच होतो.

हा वाद आजचा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी नेमके ह्याच दुखण्यावर बोट ठेवले होते. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून उभा राहतो आणि तो खर्च होतो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांचे म्हणणे होते. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा संस्थानाच्या तिजोरीचे तोंड त्यांनी हेतुपुरस्सर खालच्या बांधीकडे वळविले. विदर्भापुरते बोलावयाचे तर २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात स्पष्ट लिहिले गेले की, निरनिराळ्या विभागांवरील खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावा. इतकेच नव्हे, तर धंद्याचे व शास्त्रीय शिक्षण देणाऱ्या संस्थांतील प्रवेश आणि सरकारी नोकऱ्या ह्यांचीही वाटणी त्याच प्रमाणात व्हावी. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३७१ व्या अनुच्छेदात ह्याच आशयाची तरतूद झाली. विकासखर्चाची न्याय्य वाटणी, तंत्रशिक्षण व व्यवसायशिक्षणाच्या पुरेशा सोयी आणि नोकरीची पुरेशी संधी, ह्या तीन गोष्टी तेथे एकाच दमात सांगितल्या आहेत. घटनाकारांच्या पश्चात आलेल्या त्या मंडळींस एक गोष्ट नीट कळली होती: शाळा, कारागिरीचे शिक्षण आणि पोटाचा उद्योग ही एकाच दोरीची तीन पदरे आहेत, एक तुटला की दोरी तुटली.

पुढे काय झाले? १९८३ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ साली तिने अहवाल दिला. कोणत्या जिल्ह्यात कोणती सोय राज्याच्या सरासरीपेक्षा किती कमी आहे, आणि ती भरून काढण्यास किती पैसा लागेल, ह्याचा तिने हिशेब केला. त्या उणिवेस ‘अनुशेष’ हे नाव पडले. एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक निघाला आणि त्यातील शेकडा सुमारे ३९ हिस्सा विदर्भाचा होता. ज्या विषयांचा हिशेब झाला त्यांत सामान्य शिक्षण होते आणि तंत्रशिक्षणही होते. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, आणि ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये केला. मध्यंतरीच्या काळात न्याय्य वाटणीचे मोजमाप करणारा पाणकरच जागेवर नव्हता, असे म्हणावे लागते.

आता आपण मोठ्या आकड्यांतून खाली उतरू आणि एका लहान शाळेच्या ओसरीवर बसू.

ज्या शाळांचा पट वीसांच्या आत आहे त्या बंद कराव्यात, किंवा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवून टाकाव्यात, हा विचार गेली कित्येक वर्षे पुन्हा पुन्हा वर येतो. २०१७ च्या अखेरीस दहाहून कमी मुलांच्या सुमारे तेराशे शाळांविषयी तसा निर्णय झाला. २०२३ साली समूहशाळेची कल्पना पुढे आली, तेव्हा राज्यात वीसांहून कमी पटाच्या शाळा चौदा हजारांहून अधिक असल्याचे सरकारकडूनच सांगण्यात आले होते. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव ह्या तालुक्यांतील टोल्याटोल्यांत राहणाऱ्या आईबापांस ही बातमी म्हणजे काय हे सांगावयास नको.

सरकारची बाजूही मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्यावे लागतात. दहा मुलांच्या शाळेलाही दोनच. दोघांचा वर्षाचा पगार दहांनी भागला, तर एका मुलामागचा खर्च शहरातील नामांकित शाळेच्या शुल्काहून अधिक निघेल. शिवाय, लहान शाळा म्हणजे चांगली शाळा असेही नाही. चार इयत्ता एका खोलीत, एक गुरुजी बैठकीस गेलेले, दुसरे खिचडीच्या तांदळाचा हिशेब लिहीत आहेत, आणि तिसरीतील एकुलता एक मुलगा भिंतीकडे पाहत बसला आहे, हे दृश्य मी नाकारीत नाही. त्या दृश्यात मी स्वतः कित्येकदा उभा होतो. एकाच गावात हाकेच्या अंतरावर दोन शाळा असतील तर त्या अवश्य एक कराव्यात. त्यास विरोध करणारा शिक्षक मुलांच्या हिताचा नव्हे, आपल्या बदलीच्या सोयीचा विचार करतो.

परंतु ह्या भागाकारात एक मोठी चूक आहे. त्यात सरकारच्या तिजोरीतून जाणारा पैसा तेवढा धरला जातो. शाळा बंद झाल्यावर जो खर्च आईबापांच्या अंगावर पडतो तो कोणत्याही रकान्यात लिहिलेला नसतो. तीन मैलांवरील शाळेत सहा वर्षांच्या पोरास पोहोचविण्याकरिता बापाने अर्ध्या दिवसाची मजुरी सोडावयाची. पावसाळ्यात नाल्यास पूर आला की चार दिवस शाळा नाही. मोहफुले वेचण्याच्या दिवसांत आई पहाटेच जंगलात जाते, मग पोराला तयार करून वाटेस लावावयाचे कोणी? आणि पोर मुलगी असेल तर प्रश्नच मिटला. ती चौथीनंतर घरीच राहते, आणि सरकारदरबारी ती ‘गळती’ ह्या एका शब्दात जमा होते. शाळेवरील खर्च वाचला असे कागद म्हणतो. तो वाचला नाही, तो केवळ एका दुबळ्या खांद्यावरून दुसऱ्या अधिक दुबळ्या खांद्यावर गेला.

पटाच्या आकड्यावर किती विसंबावे, ह्याविषयी एक अनुभव सांगतो. २०११ च्या ऑक्टोबरात सरकारने राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली. कित्येक ठिकाणी पटावर खोटी मुले दाखवून अनुदान उकळले जात होते, तेव्हा ही तपासणी योग्यच होती. हजर मुलाच्या बोटास शाई लावावयाची, आणि ती बोटे मोजावयाची, अशी रीत होती. माझ्या शाळेच्या पटावर तेवीस नावे होती. त्या दिवशी शाई लागली सतरा बोटांना. उरलेली सहा मुले खोटी नव्हती. हलके धान कापणीस आले होते. कोणी धाकट्या भावंडास सांभाळीत घरी बसले होते, कोणी आईबरोबर बांधीत होते. मी घरोघर धावलो. पण पथकास आणखी दोन शाळा गाठावयाच्या होत्या, ते निघून गेले. संध्याकाळी दुसरीतील एक मुलगी कडेवर भावास घेऊन माझ्या दारी आली, आणि बोट पुढे करून म्हणाली, “गुर्जी, मले बी शाई लावा नं.” शाईची बाटली पथकाबरोबर गेली होती. मी तिला काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. तिचे ते पुढे केलेले बोट मात्र आठवते.

येथे मला एक कबुलीही दिली पाहिजे. त्यापूर्वी एका वर्षी, गाव सोडून गेलेल्या दोन मुलांची नावे मी पटावरून वेळेवर कमी केली नव्हती. शाळेचे दुसरे पद जाईल ही भीती होती. ते लबाडीचेच काम होते आणि त्याचे समर्थन मी करीत नाही. परंतु जेथे आकडा हाच शाळेचा प्राण होऊन बसतो तेथे प्रामाणिक मनुष्याचाही हात थरथरतो, हे खर्चाचे नियम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

मग उपाय कोणता? माझ्या मते उपाय अगदी साधा आहे: आधी वाहन, मग विलीनीकरण. ज्या टोल्यातील शाळा बंद करावयाची, तेथून मोठ्या शाळेपर्यंत आधी रस्ता करावा, वाहन सुरू करावे, आणि ते एक पूर्ण वर्ष, पावसाळ्यासकट, चालवून दाखवावे. हजेरी टिकली तर जुन्या शाळेस खुशाल कुलूप लावा. मी स्वतः कडी धरीन. हे अशक्य नाही. गावातील मुलींसाठी एस. टी.चा मोफत पास आला, मानव विकास कार्यक्रमातून निळ्या गाड्या रस्त्यावर आल्या, आणि ज्या गावापर्यंत त्या गाड्या गेल्या तेथील मुली दहावीपर्यंत पोहोचल्या. पैसा योग्य ठिकाणी पडला म्हणजे काय होते, हे त्या गाडीच्या खिडकीत बसलेल्या मुलींकडे पाहून कळते. परंतु जेथे रस्ताच संपतो तेथे मोफत पासाचा उपयोग काय?

आदिवासी मुलांसाठी सरकारने आश्रमशाळा काढल्या, आणि त्यांचा कारभार पाहण्यास देवरी येथे प्रकल्प कार्यालयही आहे. १९९३-९४ पासून राज्याच्या योजनेतील शेकडा ९ हिस्सा आदिवासी उपयोजनेसाठी बाजूस काढण्याची पद्धत महाराष्ट्राने घातली. सुकथनकर समितीच्या शिफारशीवरून आलेली ही पद्धत इतर प्रांतांनी अनुकरण करण्याजोगी होती, हे मोकळ्या मनाने म्हटले पाहिजे. तथापि, पैसा बाजूस काढणे निराळे, तो हाती पडणे निराळे, आणि तो सत्कारणी लागणे त्याहून निराळे. अंदाजपत्रकातील रक्कम वर्षाच्या शेवटी हाती येते. मार्च महिना संपण्यापूर्वी ती खर्ची घालावी लागते. आणि मग जे लवकर विकत घेता येते तेच विकत घेतले जाते. खुर्च्या मार्चमध्ये मिळतात, पण गणिताचा शिक्षक मार्चमध्ये मिळत नाही.

हेच दुखणे धंदेशिक्षणात अधिक तीव्र आहे. एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी एका माजी विद्यार्थ्यास भेटण्यास गेलो होतो. तेथे नवे कोरे लेथ यंत्र मेणकापडाखाली झाकून ठेवलेले पाहिले. ते शिकविणाऱ्या निदेशकाची जागा दोन वर्षे रिकामी होती. मुलगा म्हणाला, “गुरुजी, आम्ही ह्या यंत्राचे चित्र काढायला शिकलो.” यंत्राचा खर्च एकदाच होतो आणि त्याचे उद्घाटन करता येते, निदेशकाचा पगार दरमहा द्यावा लागतो आणि त्याचे उद्घाटन होत नाही. आपल्या पुष्कळशा शिक्षणखर्चाचे रहस्य ह्या एका वाक्यात आहे.

ज्या मुलखात हे घडते त्याचा पूर्वेतिहास पाहा. नवेगावबांधचा प्रचंड तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी ह्याने बांधला. त्याच्यापाशी पदवी नव्हती. परंतु पाणी कोठून येते, कोठे अडते आणि कोठे फुटते, हे ज्ञान कोहळी समाजात बापाकडून मुलाकडे येत होते. म्हणजे धंदेशिक्षणाची उत्तम शाळा येथे तलावाच्या पाळीवर भरत होती! १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या उद्योगातून शिक्षण देण्याची जी योजना मांडली, तिचा मूळ विचार ह्याहून फार वेगळा नव्हता. आज त्या तलावकऱ्यांचा नातू पंप दुरुस्त करण्यास माणूस शोधतो आणि स्वतः गाडीत बसून नागपुरास पहारेकऱ्याची नोकरी पाहण्यास जातो.

जिल्ह्यात मोठे उद्योग आले नाहीत असे नाही. तिरोड्यास ३,३०० मेगावॉट शक्तीचे औष्णिक विद्युत्केंद्र २०१२ ते २०१४ ह्या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाले. बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टी होती. तेथे २००८ साली विमानचालकांचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र निघाले. देशास वैमानिक हवेत, त्याबद्दल माझी कुरकुर नाही. परंतु त्या शिक्षणाचे शुल्क लाखांनी मोजावे लागते, आणि धानाच्या बांधीत उभा राहून वर पाहणाऱ्या आमच्या पोरास त्या विमानाची सावली तेवढी मिळते. असा प्रकल्प येणार हे काही वर्षे आधी ठाऊक असते. फिटर तयार होण्यास दोन वर्षे लागतात. मग ज्या दिवशी कारखान्याच्या पायाचा दगड बसतो, त्याच दिवशी त्या तालुक्यातील प्रशिक्षणाच्या तुकड्या का वाढवू नयेत? आणि मोठ्या कारखान्याची वाट तरी का पाहावी? भातगिरण्यांची यंत्रे, विजेचे पंप, सौरदिवे, गोड्या पाण्यातील मासे साठविण्याची शीतपेटी, दवाखान्यातील परिचर्या, एवढ्याच धंद्यांचे चोख शिक्षण मिळाले, तरी शेकडो घरांत चूल नीट पेटेल.

राष्ट्रीय उत्पन्नाचा शेकडा सहा हिस्सा शिक्षणावर खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तेच उद्दिष्ट पुन्हा लिहिले गेले. मागणी योग्य आहे. परंतु तलावात पाणी वाढले म्हणून शेवटची बांधी आपोआप भिजत नाही. त्यासाठी तीन गोष्टी मागाव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक शाळेच्या दर्शनी भिंतीवर त्या वर्षी किती पैसा आला, केव्हा आला आणि कशावर गेला, हे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहावे. शाळा व्यवस्थापन समितीत आईबाप बसतात. त्यांना हिशेब वाचता येतो, साक्षरतेचा आकडा मी मघाशी सांगितलाच आहे. दुसरी, नवी इमारत वा यंत्र मंजूर करण्यापूर्वी आधीच्या इमारतीतील शिक्षकांच्या व निदेशकांच्या रिकाम्या जागा भराव्यात. तिसरी, कोणतीही शाळा बंद करण्याचा कागद सही होण्यापूर्वी, सही करणाऱ्याने त्या टोल्यापासून मोठ्या शाळेपर्यंत एकदा श्रावणात पायी चालून जावे.

शहरातील सुशिक्षित कुटुंबांस हे सारे दूरचे वाटेल. पण आपल्या ताटातील तांदूळ आणि आपल्या घरातील दिव्याची वीज ह्या कोपऱ्यातूनही येते. आम्ही दान मागत नाही; १९५३ साली लिहून दिलेली वाटणी मागतो.

आमच्याकडे जो पाणकर चांगला असतो, तो तुडूम उघडून घरी जात नाही. तो पाण्याबरोबर धुऱ्याधुऱ्याने चालत जातो, कोठे भोक पडले असेल तर चिखल लावतो, आणि शेवटच्या बांधीत पाणी शिरलेले डोळ्यांनी पाहतो. मगच फावडे खांद्यावर टाकतो. शिक्षणाचा पैसा वाटणाऱ्यांकडून एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.